इटलीची वही आणि माझी पेटी

मोठं म्हणावं असं खोटं मी आयुष्यात एकदाच बोललो. बारीकसारीक खोटी पुष्कळ बोललो, ती सगळेच बोलतात. पण हे खोटं असं निघालं की ते खरं करून दाखवण्यात माझी दीड-दोन वर्षं गेली, आणि एवढं करूनही ते पुरतं खरं झालं नाहीच.

नांदेडात तेव्हा निजामाचा अंमल होता आणि चित्रपट मुके होते. दोन्हींची आम्हाला सवय झाली होती. मी तेवीस वर्षांचा होतो. उर्दू मिडलच्या परीक्षेत दोनदा गडगडलो होतो, म्हणजे तहसील कचेरीतली खुर्ची माझ्या नशिबातून गेलेली होती. वडील शाळेत मोडी शिकवत आणि संध्याकाळी भजनाला पेटी वाजवत. ती पेटी एवढीच एक गोष्ट मला बरी जमायची. नांदेडात माझ्याहून चांगले वाजवणारे तीन-चार जण होते, पण त्यांतला कुणी सिनेमाच्या खड्ड्यात बसायला तयार नव्हता. म्हणून थिएटरच्या मालकांनी मला ठेवलं.

खड्डा म्हणजे खरोखरच खड्डा. नदीकडे जाणाऱ्या वाटेवर मालकांचं पत्र्याचं थिएटर होतं आणि पडद्याच्या खाली हातभर खोल जागा खणून तीत आम्ही दोघं बसायचो. मी पेटीवर आणि एक म्हातारे चाचा तबल्यावर. चाचांनी तरुणपणी मोठ्या गवयांना साथ केली होती. ते आता माझ्याबरोबर घोड्याच्या टापा वाजवत होते, आणि याबद्दल त्यांनी मला कधी बोल लावला नाही.

माझ्याकडे एकूण पाच चाली होत्या. रडण्याला भैरवी, मारामारीला एक झपाट्याची गत, देव दिसला की आरती, लग्न लागलं की मंगलाष्टकं, आणि बाकी सगळ्याला एक नाटकातलं पद. साहेब लोक टेबलाभोवती बसून दारू पिताना दिसले की काय वाजवावं हे मला कधी कळलं नाही. तिथे मी सुपारी कातरायचो आणि चाचा एकटेच वाजवत राहायचे.

मालक मूळचे लातूरचे, लिंगायत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि आवाज बाजारात शेंगांचा लिलाव करून करून कमावलेला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या पाट्या यायच्या. त्या कुणालाच वाचता येत नसत म्हणून मालक पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट ओरडून सांगायचे. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं. त्यामुळे एकाच चित्रपटातली बाई सोमवारी नायकाची बहीण असे आणि गुरुवारी बायको. लोकांची काही तक्रार नव्हती.

एकदा मुंबईहून रेल्वेने लाकडी पेटारा आला. त्यात एक इटलीचा चित्रपट होता आणि रिळांच्या डब्यांखाली जाडजूड छापील वही होती. मालकांनी ती उघडली. पानावर पाच-पाच रेघा आणि त्यांच्यावर, जोंधळ्याच्या पानाला मावा पडावा तसे, काळे ठिपके.

"हे काय हाय?" मालकांनी विचारलं.

"विलायती गाण्याची लिपी," मी म्हणालो. एवढं मला ठाऊक होतं.

"मंजे या शिनेमाचं गाणं? सोबत पाठीवलंय? लई भारी!" मालक खूश झाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "पर तुला कुठं येतंय वाचाया. हैद्राबादेहून कुणी पियानोवाला बोलवावा लागंल. त्याला ठेवतो. तुझं मग बघू."

'तुझं मग बघू' याचा अर्थ मला बरोबर कळला. "मला येतं वाचायला," मी म्हणालो.

"तुला?"

"हो. पुण्याला मामांकडे शिकलो."

पुण्याला माझे मामा होते हे खरं आहे. ते एका डॉक्टरांकडे औषधाच्या पुड्या बांधायचे.

मालक मोठ्या मनाचे होते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि लगेच दवंडी पिटवली. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी फलक, एकावर उर्दू, एकावर मराठी, पुढे ताशा आणि मागे एक माणूस ओरडतोय, 'इटलीचा खेळ! इटलीचं असली संगीत!' आणि पुढे माझं नाव, वडिलांच्या नावासकट. गाडी आमच्या गल्लीतून गेली तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. ते उठून आत गेले आणि आईला म्हणाले, "आता हा इटलीलाही बुडवणार."

चाचा खड्ड्यात शेजारी बसले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वही हातात घेतली, पानं फडफडवली आणि मला परत दिली.

"सच्ची आता तुमकू?"

"नाही चाचा."

"फिर कायकू बोले?"

मी सांगितलं. ते थोडा वेळ तबल्याला हातोडी मारत राहिले. "अच्छा," ते म्हणाले, "मैं तो बजातौं. तुम पन्ने पलटते रहो."

तसंच झालं. वही मी पेटीवर उभी केली, कंदिलाची वात मोठी केली आणि माझ्या त्याच पाच चाली वाजवत मधूनमधून गंभीर चेहऱ्याने पान उलटू लागलो. चित्रपटात समुद्रातलं एक बेट होतं. मीठ पिकवणारा म्हातारा, त्याची मुलगी, तिच्यावर डोळा असलेला एक सरदार आणि शेवटी वादळ. मुलगी मिठागरात रडायची तेव्हा मी भैरवी धरायचो. पहिले आठ दिवस थिएटर भरून गेलं. इटलीचं संगीत आपल्या संगीतासारखंच असतं असं गावात सगळ्यांचं मत पडलं आणि एका वकिलांनी तर आर्यांचं मूळ वगैरे काढलं. मी नम्रपणे मान हलवली. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

नवव्या दिवशी दुपारी तीनचा खेळ जनान्याचा होता. दारं-खिडक्या पोत्यांनी बंद केलेल्या, आत फक्त बायका, आणि आम्हा दोघांच्या भोवती कनात लावलेली. आम्हाला पडदा दिसायचा, बायका दिसायच्या नाहीत. खेळ संपला, बायका पांगल्या आणि कनातीची एक बाजू कुणीतरी सरळ वर उचलली.

पांढरं लुगडं नेसलेल्या, पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. मी त्यांना ओळखत होतो. गावात सगळेच ओळखत. सरकारी जनाना दवाखान्यातल्या त्या नर्सबाई. नगरच्या मिशन शाळेत शिकलेल्या ख्रिस्ती बाई. नांदेडातली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे कुठल्याही पुरुषाशी बोलताना त्यांना संकोच वाटत नसे.

"पेटीवाले," त्या म्हणाल्या, "ती वही बघू जरा."

मी दिली.

"खेळ संपला आणि उघडं पान पहिलं! तुम्ही ही शेवटच्या पानापासून सुरू केलीत."

आमच्या राज्यात जाडजूड छापील पुस्तक म्हणजे उर्दूच असायचं. शाळेत मी ज्या ज्या पुस्तकात नापास झालो ती सगळी उजवीकडून उघडायची. हीही मी तशीच उघडली होती आणि नऊ दिवस शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवत आलो होतो.

"इटलीत उजवीकडूनच वाचतात," मी म्हणालो.

चाचांनी डोळे मिटून घेतले.

"असं?" बाई म्हणाल्या. "मग मीच चुकत असेन. आमच्या प्रार्थनेच्या खोलीत पायपेटी आहे, तिच्यावर मी अशाच वह्यांतून वाजवते. गेली तीस वर्षं डावीकडून वाजवतेय." त्या खाली उतरून पेटीपुढे बसल्या. वहीचं पहिलं पान समोर ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे दोन हातांचं आहे. माझा एक हात भात्यावर गेला तर कसं होणार? तुम्ही समोर बसा आणि भाता मारा."

अशा रीतीने इटलीच्या त्या संगीतकाराचं संगीत नांदेडात पहिल्यांदा वाजलं तेव्हा त्यात माझा वाटा भाता मारण्याचा होता.

बाई फार चांगलं वाजवत होत्या असं नाही. अडत होत्या, मागे जात होत्या, पुटपुटत होत्या. पण डाव्या हाताखाली खालचे दोन सूर आळीपाळीने येत राहिले, भरलेल्या मोटेचा नाडा चाकावरून कुरकुरत वर यावा तसे, न थांबता. आणि वर उजव्या हाताने एक साधी चाल सुरू झाली. ती कुठे जाऊन बसेल असं मला वाटायचं तिथे ती बसत नव्हती, थोडी पुढे जात होती. चाचांनी तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकलं आणि परत येऊन बसले. बेटावरची ती सकाळ, ते मिठाचे ढीग, नऊ दिवस मी डोळ्यांनी बघत होतो. ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

पान संपलं. बाई उठल्या.

"मालकांना सांगणार तुम्ही?" मी विचारलं.

"रविवारी दुपारी प्रार्थनेच्या खोलीवर या. महिन्याभरात पहिलं पान आलं पाहिजे. नाही आलं तर सांगेन." मग चाचांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही या. एकटा आला तर लोक माझ्या नाही, त्याच्या नावाने बोलतील."

लोक बोललेच. मी दर रविवारी ख्रिस्ती मंडळींच्या खोलीत जातो म्हणजे बाटणार, अशी आवई उठली. उमरीच्या एका घराशी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. ती मंडळी एकदम गप्प झाली. आई मला दाराबाहेर पाय धुवायला लावायची. वडिलांनी मात्र एकदाच विचारलं, "तिथे काय शिकवतात?"

"वाचायला," मी म्हणालो.

"मग जा," ते म्हणाले. "इथे आम्हाला नाही जमलं ते."

बाईंची शिकवण्याची रीत बाळंतिणीला धीर द्यावा तशी असेल असं मला वाटलं होतं. तशी मुळीच नव्हती. त्या माझ्या मागे उभ्या राहायच्या आणि सूर चुकला की पाठीत दोन बोटं रुतवायच्या. "ठिपका रेघेवर आहे की रेघांच्या मधे? डोळे आहेत ना?" डावा हात तर मला लहान मुलासारखा शिकवावा लागला. त्या बिचाऱ्याने जन्मभर भात्याशिवाय काही केलं नव्हतं. चाचा कोपऱ्यात बसून मांडीवर ठेका धरायचे. वहीत एक तीन मात्रांचा नाच होता. तो ऐकून ते म्हणाले, "ये तो दादरा आधा काट के दे दिया." पण तो नाच माझ्या आधी त्यांनाच समजला.

पहिलं पान यायला महिना नाही, अडीच महिने लागले. बाईंनी मुदत वाढवून दिली. तोवर तो चित्रपट परभणी, जालना फिरून पुन्हा आमच्याकडे आला आणि मी ठरवलं, आज खरं वाजवायचं. थिएटरात पायपेटी नव्हती, हातपेटीच होती. म्हणून डाव्या हाताचं सगळं सोडून दिलं आणि उजव्याचं तेवढं वाजवलं. चुकलो नाही. एकही सूर चुकलो नाही. मी घामाने भिजलो होतो आणि मनातल्या मनात बाईंना नमस्कार करत होतो, तेवढ्यात मालक गोष्ट सांगायचं सोडून खड्ड्यापाशी आले आणि वाकून म्हणाले,

"आरं, हे काय वाजवून राहिला? इटलीचं वाजव की! ते मागच्या बारीचं!"

मागे बसलेल्या लोकांनीही ओरडा केला, "हाव, ते रडकं लावा!" मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. मी भैरवी सुरू केली आणि लोक समाधानाने रडू लागले.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्धं वाजवलंत. अर्ध्या संगीताला अर्धीच माणसं मिळतात." पण त्यांनाही त्या संगीतकाराविषयी कुतूहल वाटू लागलं होतं. हैदराबादेकडे एक इटलीचे पाद्री होते, त्यांना त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. योगायोग असा, की पाद्रीबाबा त्याच्याच शेजारच्या गावचे निघाले. त्यांचं लांबलचक उत्तर बाईंनी आम्हाला वाचून दाखवलं. तो संगीतकार खरं म्हणजे सभागृहात वाजवण्याच्या रचना करतो, साठ-सत्तर वादक एकदम बसतात, सिनेमाचं काम त्याने दोन-तीनदाच केलंय. त्या रचना ऐकायला लोक तिकीट काढून येतात, तासभर कुणी बोलत नाही, आणि खोकला आला तर एक भाग संपेपर्यंत दाबून धरतात.

"आणि पडद्यावर काय असतं?" मी विचारलं.

"पडदा नसतोच," बाई म्हणाल्या.

"मग लोक बघतात काय?"

यावर चाचा हसले. "देशमुखाँ की बैठक में मैं बीस बरस बजाया," ते म्हणाले, "वहाँ कौनसी तस्वीर थी, मियाँ?"

चार वर्षं खड्ड्यात बसून मी असा झालो होतो की चित्राशिवाय गाणं असतं हेच विसरलो होतो.

वही मी हळूहळू पुढे वाचत गेलो. एके ठिकाणी दोन सूर असे एकमेकांवर आदळत होते की दात आंबायचे. आधीही अशा जागा आल्या होत्या. तेव्हा बाई म्हणायच्या, "भांडू दे त्यांना, उभ्या रेघेपलीकडच्या घरात मिटेल." पण हे भांडण मिटतच नव्हतं. "छापलंय ते वाजवा," बाई म्हणाल्या. मी हट्टाला पेटलो. छापखान्याची चूक आहे म्हणालो. उर्दू मिडल नापास माणसाने इटलीच्या छापखान्याची चूक काढावी हे बाईंना इतकं मजेशीर वाटलं की त्यांनी ते पाद्रीबाबांना कळवलं आणि मी हे सगळं एका हाताने वाजवतो हेही कळवलं.

आठ-नऊ महिन्यांनी पाद्रीबाबांमार्फत एक कार्ड आलं. स्वतः त्या संगीतकाराचं, तिरक्या बारीक अक्षरात, सोबत पाद्रीबाबांचं इंग्रजी भाषांतर. बाई दवाखान्यात होत्या, म्हणून कार्ड आधी माझ्या हातात पडलं. भाषांतर खिशात ठेवून मी नुसतं कार्ड घेऊन गावभर फिरलो. वकिलांना दाखवलं, मालकांना दाखवलं, वडिलांच्या शाळेत नेऊन दाखवलं. कुणालाच इटलीची भाषा वाचता येत नसल्यामुळे मीच अर्थ सांगत होतो, 'आपल्या वादनाची कीर्ती इथवर आली.' मालकांनी कार्ड कपाळाला लावलं.

संध्याकाळी बाईंनी भाषांतर वाचलं. तीन वाक्यं होती. चूक छापखान्याचीच आहे. इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं, आभारी आहे. मात्र हे संगीत एका हाताने वाजवणार असाल तर कृपया माझं नाव जाहीर करू नये.

म्हणून मी ते आजही सांगत नाही. पण पहिली दोन वाक्यं ऐकून मी त्या खोलीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो होतो, हे सांगायला हरकत नाही. माझ्या कानांनी काहीतरी बरोबर ऐकलं होतं, आणि ज्याला ते ठाऊक असायला हवं त्याने तसं लिहून दिलं होतं. असं माझ्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस मालकांनी जत्रांसाठी ठेवलेला तंबू लातूरला नेला. सिद्धेश्वराची जत्रा होती आणि मालकांचं तर ते गावच. रेणापूर, औसा, पार उदगीरकडूनही माणसं गाड्या जुंपून आली होती. इटलीचा खेळ लावायचा ठरला. सकाळी मशीन चालवणारा गडी रिळं तपासत बसला आणि विडीची ठिणगी पडली. त्या काळी रीळ म्हणजे सुकलेल्या कडब्याचं सरमाड. एकदा पेट धरला की संपलं. गड्याच्या भुवया जळाल्या, बाकी तो वाचला. पण शेवटचं रीळ, वादळाचं, राख झालं.

मालक डोक्याला हात लावून बसले. "शिव शिव! समदं गाव येणार, आन् माझ्याच गावात शेवट न्हाई दावायला!" मग त्यांना युक्ती सुचली. शेवट ते तोंडाने सांगतील, मशीनचा दिवा पांढऱ्या पडद्यावर तसाच ठेवायचा, आणि मी मोठ्याने काहीतरी वाजवायचं.

"मालक," मी म्हणालो, "तिकडे नाटक मंडळी उतरलीय, त्यांची पायपेटी मागून आणा. मग मी ते वहीतलं वाजवतो."

"इटलीचं?"

"हो. पण दुसरं. मागे तुम्ही बंद करवलं होतं ते."

अडचणीत सापडलेल्या माणसाला निवड नसते. पायपेटी आली.

दिवे लागायच्या सुमाराला तंबू गच्च भरला. खेळ ठीक चालला. मग शेवटच्या आधीचं रीळ संपलं आणि पडद्यावर नुसता पांढरा चौकोन उरला. कुजबुज सुरू झाली. मालक पुढे आले आणि ओरडले, "मंडळी, आता वादळ येनार हाय! म्हातारा हाय नावेत. पोरगी हाय काठावर. आन्..."

आणि ते थांबले. हा खेळ त्यांनी पन्नास वेळा तरी सांगितला होता, पण दर वेळी लोकांकडे तोंड करून. शेवटी पडद्यावर काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पेटीवर ठेवले आणि सुरुवात केली.

खालचे सूर, मोटेसारखे. त्यावर ती चाल. चाचांनी डग्यावर नुसता तळवा घासत ठेवला, दूर कुठे पाणी असावं तसा. लोक गप्प झाले. मला वाटतं ते चित्र परत यायची वाट बघत होते, पण वाट बघता बघता ऐकू लागले. मी पाच मिनिटं वाजवलं असेल, सहा असेल. शेंगा फोडायचा आवाज बंद झाला होता. एका म्हातारीने मोठ्याने सुस्कारा सोडला आणि शेजारणीला म्हणाली, "गेला गं त्यो म्हातारा."

इथपर्यंत सगळं असं झालं की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला, आणि अभिमान वाटू लागला की माझा हात घसरतो. पान उलटताना घामेजलेल्या बोटांनी दोन पानं एकदम उलटली. वादळ त्या मधल्या दोन पानांत होतं. मी वाऱ्याच्या पहिल्या झुळकेवरून थेट दुसऱ्या दिवशीच्या शांत सकाळीवर जाऊन पोचलो. चाचा, जे वादळासाठी बाही सावरून बसले होते, त्यांचा हात हवेतच राहिला. परत मागे जायची माझी हिंमत झाली नाही. मी सकाळ वाजवली आणि थांबलो.

मग मागून एक जण ओरडला, "वादळ कवा येनार?"

"येऊन गेलं!" मालक म्हणाले.

यावर तंबूत भांडण जुंपलं. म्हातारा बुडाला, असं बायकांचं म्हणणं. एवढं संथ वाजलं म्हणजे नाव लागली काठाला, असं पुरुषांचं म्हणणं. उदगीरकडचे लोक कानडीत आपापसांत वेगळंच काही ठरवत होते. मालकांना घेराव पडला आणि त्यांनी दोन्ही बाजूंना 'हाव, हाव' म्हणून सुटका करून घेतली. दुसऱ्या दिवशी बाजारात मला एका व्यापाऱ्याने अडवून विचारलं, "मास्तर, खरं सांगा, म्हातारा वाचला का?" मी म्हणालो, "वाचला." खरं तर चित्रपटात तो बुडतो. पण मला मास्तर म्हणणारा तो पहिलाच माणूस होता. त्याला नाराज करवलं नाही.

नांदेडला परतल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं, दोन पानांसकट. त्यांना मी कधी मोकळं हसताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "वादळ टाळलंत ते बरं केलंत. तुम्हाला ते येत नव्हतंच."

पुढच्या वर्षी बोलपट आले. मालकांनी नवं मशीन घेतलं आणि खड्डा मुरूम घालून बुजवला. त्यावर आता दोन रांगा जास्त बसू लागल्या. मालकांचं ओरडणंही थांबलं, आणि त्याचं त्यांना माझ्याहून जास्त दुःख झालं. मला त्यांनी दारावर तिकिटं फाडायला ठेवलं. चाचा मुलीकडे राहायला गेले. जाताना तबल्याची हातोडी मला देऊन गेले. तबला मला येत नाही हे त्यांना माहीत होतं, पण द्यायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

बाईंची बदली बिदरला झाली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि त्यांना निरोप द्यायला आलेल्या पंचवीस-तीस बायका, कडेवर लेकरं घेतलेल्या. मला जवळ जाता येईना. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीतून माझ्या दिशेने काहीतरी ओरडल्या. गलक्यात मला ते कळलं नाही. मी हात हलवून 'हो, हो' म्हणालो. शेजारच्या बाईने सांगितलं, "त्या म्हणत्यात, लगीन करा आता."

केलं. मुलगी उदगीरची. तिच्या घरच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? वडिलांनी सांगितलं, सिनेमाच्या दारावर उभा असतो आणि फुरसतीत इटलीच्या चुका काढतो. सासऱ्यांना ते समजलं नाही, पण मोठं काही असावं असं वाटून त्यांनी होकार दिला.